‘घरी घेऊन जा’ म्हटल्यावर उरलेले उपचार

‘आता आपल्या हातात काही राहिलेलं नाही, पेशंटला घरी घेऊन जा.’ कर्करोगाच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना हे वाक्य महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे ऐकावं लागतं. सांगणारे डॉक्टर बहुधा प्रामाणिक असतात. केमोचा उपयोग होईनासा झालाय, रेडिएशनची मात्रा संपलीय, गाठ शस्त्रक्रियेपलीकडे गेलीय, हे त्यांना स्पष्ट दिसत असतं. तरीही वैद्यकशास्त्राच्या कसोटीवर हे वाक्य खोटं आहे. गाठ घालवणं हातात नसेल, पण दुखणं थांबवणं हातात असतं. धाप, उलट्या, चिघळलेल्या जखमेचा वास, उडालेली झोप, अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला पडणाऱ्या जखमा, यांतल्या बहुतेक त्रासांवर स्वस्त, साधे आणि कित्येक दशकं वापरात असलेले उपाय आहेत. या सगळ्याला मिळून पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. सरकारी कागदांत तिला उपशामक सेवा असंही नाव आहे. आपल्याकडे ती कर्करोगाच्या उपचारांचं शेपूट मानली जाते, कुणा ट्रस्टने किंवा मिशनऱ्यांनी दयेपोटी करायचं काम. माझं म्हणणं असं की ती उपचारच आहे, आणि जे रुग्णालय सरकारी पैशाने केमो किंवा रेडिएशन देतं त्याच्यावर ती देण्याचं बंधन असलं पाहिजे. सुरुवात मॉर्फिनच्या गोळीपासून व्हावी.

आधी आवाका पाहू. ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला १४ लाखांहून अधिक लोकांना नव्याने कर्करोग होतो आणि ९ लाखांहून अधिक लोक त्याने दगावतात. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ असण्याचं एक मोठं कारण म्हणजे आपले बहुसंख्य रुग्ण उशिरा पोचतात. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याच्या या मुलखात तोंडाच्या कर्करोगाचे कित्येक रुग्ण तर तोंड उघडेनासं झाल्यावर किंवा गालाला भोक पडल्यावरच मोठ्या दवाखान्याची पायरी चढतात. लवकर निदानाच्या मोहिमा हव्यातच, त्याबद्दल वाद नाही. पण त्यांचं फळ दिसायला बरीच वर्षं जातील. तोवर जे तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात आहेत त्यांचं काय, हा प्रश्न त्या मोहिमांच्या उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही. रोग शरीरात पसरलेल्या रुग्णांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांना वेदना असते, असं जगभरचे अभ्यास एकत्र करून केलेल्या पाहणीत दिसून आलं आहे. हाडांत उतरलेला कर्करोग, मज्जातंतूंवर दाब देणारी गाठ, जबड्यातली उघडी जखम, या दुखण्यापुढे पॅरासिटामॉलचं काही चालत नाही.

अशा तीव्र वेदनेवरचं हुकमी औषध म्हणजे मॉर्फिन. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये कर्करोगाच्या वेदनेसाठी पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली. आधी साधं वेदनाशामक, मग सौम्य अफूजन्य औषध, त्याने भागलं नाही तर मॉर्फिन; तेही शक्यतो तोंडावाटे, आणि घड्याळ पाहून. यातला घड्याळाचा भाग घरोघरी चुकतो. मॉर्फिनची साधी गोळी सुमारे चार तास काम करते. रुग्ण कळवळायला लागला की गोळी, असं चालवलं तर तो दिवसभर वेदनेच्या आणि गुंगीच्या मध्ये हेलकावे खात राहतो. ठरल्या वेळी दिली तर वेदनेला डोकं वर काढायला जागाच राहत नाही. मात्रा थोड्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवतात आणि ती प्रत्येक रुग्णाची वेगळी असते. बद्धकोष्ठता जवळपास सगळ्यांना होते, म्हणून पहिल्या दिवसापासून रेचक बरोबर द्यावंच लागतं. मळमळ आणि गुंगी पहिले काही दिवस असते, मग ओसरते. श्वास मंदावण्याची जी भीती घातली जाते, ती बेताने वाढवलेल्या मात्रेत क्वचित खरी ठरते. हे सगळं कुठल्याही एमबीबीएस डॉक्टरला थोड्या दिवसांच्या प्रशिक्षणात शिकता येण्यासारखं आहे. शिवाय गोळीची किंमत काही रुपये. त्वचेवर चिकटवायचा फेन्टानिलचा पॅच तीन दिवस चालतो आणि गिळता न येणाऱ्या रुग्णाला तो वरदान आहे, पण तो गोळीच्या मानाने कितीतरी महाग पडतो. औषध कंपनीचा प्रतिनिधी डॉक्टरांकडे या दोहोंपैकी कशाची माहितीपत्रकं घेऊन जाईल, हे वेगळं सांगायला नको.

यात चीड आणणारी गोष्ट अशी की या औषधाचा कच्चा माल आपल्याच शेतात पिकतो. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात केंद्र सरकारच्या परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्या अफूवर प्रक्रिया होते. कायदेशीर अफूचा निर्यातदार म्हणून भारताचं नाव जगात अनेक दशकं आहे. खोकल्याच्या औषधात जाणारं कोडीनही याच अफूच्या वाटेने येतं. आणि तरीही वेदनाशमनाबाबत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०१७ मध्ये देशोदेशींचा हिशोब मांडला, तेव्हा भारतात अशा औषधांची जेवढी गरज आहे तिच्या अवघी ४ टक्के भागते असं निघालं. अफू पिकवणाऱ्या देशातला कर्करोगाचा रुग्ण मॉर्फिनवाचून तळमळतो, याला दारिद्र्य हे कारण पुरेसं नाही.

मुख्य कारण कायद्याचं होतं. १९८५ मध्ये अमली पदार्थविरोधी कायदा आला. त्याचा रोख तस्करांवर होता, पण वैद्यकीय वापरही त्याच जाळ्यात सापडला. किमान दहा वर्षांची शिक्षा सांगणारी कलमं, एका औषधासाठी वेगवेगळ्या खात्यांचे चार-पाच परवाने, एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हाती न येणं. रुग्णालयांनी आणि औषध दुकानांनी सरळ मॉर्फिन ठेवणं सोडलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घसरला आणि १९९७ मध्ये तो एवढ्या मोठ्या देशात १८ किलोंवर आला. नुसता वापर घटला असता तर तो पुन्हा वाढवता आला असता. त्याहून वाईट हे झालं की या काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी मॉर्फिनची गोळी कधी पाहिलीच नाही. केरळमधले डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला. २०१५ च्या नियमांनी मॉर्फिन, फेन्टानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन आणि हायड्रोकोडोन ही सहा औषधं अत्यावश्यक ठरवून राज्याराज्यांच्या परवान्यांचा गुंता संपवला. आता रुग्णालयाला राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे आपल्याकडे अन्न व औषध प्रशासनाकडून, मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था म्हणून एकच मान्यता घ्यावी लागते. एक प्रशिक्षित डॉक्टर, कुलूपबंद कपाट, नोंदवही आणि वर्षाचा हिशोब, एवढ्यावर काम होतं. कायद्यातला अडसर दहा वर्षांपूर्वीच निघाला. उरली आहे ती भीती आणि अनास्था, आणि या दोन्ही आपोआप जात नाहीत. त्यांना हुकूम लागतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: अफूच ती, व्यसन लागेल, बाजारात जाईल, आणि अमेरिकेत काय झालं ते पाहा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमेरिकेत अशा गोळ्यांनी माणसं लाखांनी मेली हे खरं आहे. पण तिथे काय झालं ते नीट पाहायला हवं. १९९६ मध्ये बाजारात आलेली ऑक्सिकोन्टिन ही गोळी पाठदुखी, गुडघेदुखी अशा दीर्घकालीन दुखण्यांसाठी खपवण्यात आली. व्यसनाचा धोका कमी आहे अशी जाहिरात करणाऱ्या पर्ड्यू फार्मा या कंपनीला पुढे न्यायालयात गुन्हा कबूल करावा लागला. म्हणजे नफ्यासाठी मोकाट सुटलेली विक्री हे त्या संकटाचं मूळ. मी मागतोय ते याच्या उलट आहे: सरकारी मान्यता, नोंदवही, प्रशिक्षित डॉक्टर, आणि कर्करोगासारख्या आजाराचा रुग्ण. या रीतीने काम केल्यावर काय होतं याचा पुरावा आपल्याच देशातला आहे. कोझिकोडच्या पॅलिएटिव्ह केअर केंद्राने दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना तोंडावाटे घ्यायचं मॉर्फिन घरी नेण्यासाठी दिलं, आणि गैरवापराचं किंवा चोरट्या विक्रीचं एकही प्रकरण आढळलं नाही, हा अभ्यास २००१ मध्ये लॅन्सेटमध्ये आला. शरीराला औषधाची सवय होणं आणि माणूस व्यसनी होणं यांत फरक असतो. मॉर्फिन एकदम बंद केलं तर रुग्णाला त्रास होईल, म्हणून ते हळूहळू कमी करतात. स्टिरॉइडचंही तसंच असतं, आणि स्टिरॉइड घेणाऱ्याला कुणी व्यसनी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो घरातून येतो. पॅलिएटिव्ह केअरचं नाव काढलं की मुलगा म्हणतो, म्हणजे तुम्ही आशा सोडली. हा समज रुजण्याला रुग्णालयंच जबाबदार आहेत, कारण ती या विभागाकडे रुग्ण पाठवतात ते सगळं संपल्यावर. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाचा पसरलेला कर्करोग असलेल्या १५१ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्या रुग्णांना नेहमीचे उपचार, उरलेल्यांना त्याबरोबरच निदान झाल्यापासून पॅलिएटिव्ह केअर. दुसऱ्या गटातल्या रुग्णांचे दिवस बरे गेले, त्यांना नैराश्य कमी आलं, अखेरच्या आठवड्यांत त्यांच्यावर जबर उपचारांचा मारा कमी झाला. आणि ते जास्त जगले: मध्यक ११.६ महिने, नेहमीच्या उपचारांच्या गटात ८.९. एका अमेरिकी रुग्णालयातला, एकाच प्रकारच्या कर्करोगाचा हा अभ्यास आहे. त्यावरून सर्वत्र आयुष्य वाढेल असा दावा करता येणार नाही. पण वेदना थांबवली म्हणजे माणूस लवकर जातो, या समजुतीला त्याने आधार उरू दिला नाही. जो झोपतो, चार घास खातो, तो केमोही अधिक नीट सोसतो, हे समजायला खरं तर अभ्यासाचीही गरज पडू नये.

याच आक्षेपाला जोडून एक गोंधळ आहे तोही निस्तरला पाहिजे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे इच्छामरण नव्हे. ती मृत्यू घाईने आणत नाही आणि लांबवतही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येतच हे आहे. केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्या प्रकरणापासून महाराष्ट्रात मरणाच्या हक्कावर भरपूर लिहून झालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली, तेव्हाही चर्चासत्रं झाली. ती व्हायलाच हवी होती. पण मरेपर्यंत दुखू नये, या त्यामानाने किती तरी साध्या हक्कावर आपण अग्रलेख लिहीत नाही. वेदना असह्य झाली म्हणून सोडवा असं म्हणणाऱ्या रुग्णाला कित्येकदा फक्त वेदनेतून सुटका हवी असते. ती देऊन पाहायच्या आधीच त्याच्या मरणाच्या इच्छेवर तात्त्विक वाद घालणं मला तरी अप्रामाणिक वाटतं.

आता त्या माणसाबद्दल, जो या सगळ्यात कुठल्याच रकान्यात नसतो. केसपेपरवर रुग्णाचं नाव असतं, योजनेत रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा दर असतो. उशाशी बसणाऱ्या बाईचा हिशोब कुठेच नाही. ती बहुतेक वेळा बाईच असते: बायको, सून, लेक, बहीण. तिची मजुरी बुडते, नोकरी असली तर रजा संपतात. तिला कुणी शिकवलेलं नसतं आणि तरी तिच्याकडून परिचारिकेच्या कामाची अपेक्षा असते. नाकातल्या नळीतून भरवायचं तर डोकं किती वर घ्यायचं, आधी-नंतर किती पाणी सोडायचं, नळी तुंबली तर काय करायचं? तोंडातल्या जखमेची स्वच्छता कशी ठेवायची? दर दोन तासांनी कूस बदलली, चादरीची घडी राहू दिली नाही आणि त्वचा कोरडी ठेवली तर पाठीच्या जखमा बऱ्याच अंशी टळतात, हे तिला जखम झाल्यावर कळतं. चिघळलेल्या गाठीच्या वासाचं उदाहरण मला फार बोलकं वाटतं. त्या वासामुळे घरची माणसं खोलीत जेवायला बसत नाहीत, नातवंडांना लांब ठेवलं जातं, रुग्ण स्वतःच कुणाला जवळ येऊ नको म्हणतो. हा वास जंतूंमुळे येतो आणि जखम स्वच्छ धुऊन तिच्यावर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्यांची पूड टाकली तर तो बराच आटोक्यात येतो. जुलाबावर खेडोपाडी मिळणारं हे औषध आहे. प्रशिक्षित नर्सने घरी येऊन एकदा ड्रेसिंग करून दाखवलं तर एका कुटुंबाचं एकत्र जेवण परत मिळतं. आणि आपण याला उपचारांत धरत नाही.

नर्सच्या येण्याने आणखी एक गाठ सुटते. ‘त्यांना काही सांगू नका हं’ असं घरचे डॉक्टरांना बाहेर गाठून सांगतात. रुग्णाला सगळं कळलेलं असतं, पण घरच्यांना त्रास नको म्हणून तोही न कळल्याचं सोंग वठवतो. मग मृत्युपत्र राहून जातं, जमिनीचे कागद राहतात, कुणाशी धरलेला अबोला सुटत नाही. किती सांगायचं, कधी, कोणत्या शब्दांत, आणि रुग्णाला मुळात किती ऐकायचं आहे, हे विचारण्याचंही एक शास्त्र आहे आणि पॅलिएटिव्ह केअरच्या लोकांना ते शिकवलं जातं. ओपीडीत एका रुग्णाला पाच मिनिटं देऊ शकणाऱ्या कर्करोगतज्ज्ञाकडून याची अपेक्षा करणं त्याच्यावर अन्याय आहे.

धोरण नाही म्हणून हे होत नाही, असं म्हणायची सोय नाही. केरळने २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं आणि ते ग्रामपंचायतींच्या हाती दिलं. घरोघर जाणारी नर्स आणि तिच्यासोबत गावातले स्वयंसेवक ही तिथली पद्धत झाली. महाराष्ट्राने २०१२ मध्ये धोरण केलं, म्हणजे देशात आपण मागे नव्हतो. त्याच वर्षी केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला. २०१८ नंतर उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली तेव्हा तिथे द्यायच्या बारा सेवांच्या यादीत ज्येष्ठांची काळजी आणि पॅलिएटिव्ह केअर यांचा समावेश झाला. संस्थांचा वारसा तर त्याहून जुना आहे: टाटा रुग्णालयातले शल्यविशारद डॉ. एल. जे. डिसूझा यांनी १९८६ मध्ये वांद्र्याला शांती आवेदना सदन हे देशातलं पहिलं हॉस्पिस सुरू केलं, पुढे त्याची शाखा गोव्यात लोटलीला झाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून विनामूल्य चालतं आणि तिथे रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकालाही काळजी घ्यायला शिकवतात. टाटा रुग्णालयात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे, एमडीचं शिक्षण आहे. पण वांद्रे आणि वारजे ही नावं धडगावच्या किंवा अहेरीच्या रुग्णाला काय कामाची? त्याला मॉर्फिनच्या पंधरा दिवसांच्या गोळ्यांसाठी एसटी आणि रेल्वेने मुंबई, नागपूर गाठावं लागत असेल, तर ते औषध त्याच्यासाठी नाहीच.

केरळची गोष्ट वेगळी, तिथे साक्षरता, तिथे पंचायती सशक्त, असं यावर म्हटलं जातं. त्यात तथ्य आहे. शिवाय तिथलं कामही सगळीकडे सारखं चांगलं नाही. नर्स पोचते, पण डॉक्टर पोचत नाही, ही तक्रार तिथेही आहे. तेव्हा केरळची नक्कल नको. पण घरी जाऊन करायच्या उपचारांचा धडा महाराष्ट्राने बाहेरून घ्यायची गरज नाही, तो इथेच लिहिला गेला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला लावली, आणि तुलनेच्या गावांपेक्षा अर्भकांच्या पहिल्या महिन्यातले मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. तेव्हाही तज्ज्ञ म्हणत होते की कमी शिकलेल्या बाईच्या हाती इंजेक्शन कसं देणार. पुढे त्याच पद्धतीवर देशभरच्या आशा सेविकांना नवजात बाळांच्या घरभेटींचं काम मिळालं. बाळाच्या घरी सहा-सात वेळा जाणारी आशा शेजारच्या आळीतल्या अंथरुणावरच्या म्हाताऱ्याकडे आठवड्यातून एकदा जाऊ शकते. अर्थात ते काम तिच्या डोक्यावर फुकट टाकून नव्हे. आशांच्या मानधनाचा प्रश्न दर वर्षी आझाद मैदानावर येतो आणि त्यांच्याकडून आणखी एका सेवेची अपेक्षा करणाऱ्याने तिचा दर आधी सांगितला पाहिजे.

म्हणजे पैशाचा मुद्दा आलाच. मर्यादित पैसा आधी बऱ्या होणाऱ्यांवर खर्च करावा, असा हिशेबी आक्षेप असतो. तो मांडणाऱ्यांनी एवढं पाहावं की बरे न होणाऱ्यांवर आपण आजही खर्च करतोच आहोत, फक्त चुकीच्या ठिकाणी. वेदना आटोक्यात नसलेला रुग्ण रात्री-अपरात्री खासगी रुग्णालयात नेला जातो, आयसीयूत ठेवला जातो, आणखी एक केमो देऊन पाहू म्हणून घरचे सोनं मोडतात, जमीन गहाण ठेवतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे आणि कर्करोगाच्या उपचारांसाठी ती हजारोंना आधार ठरली आहे. तिची उपयुक्तता नाकारण्याचं कारण नाही. पण तिची सारी रचना भरती होणाऱ्या रुग्णाभोवती आणि प्रक्रियेच्या दराभोवती आहे. रुग्णालयाला केमोच्या फेरीचे पैसे मिळतात; रुग्णाशी तासभर बसून ही फेरी नको असं समजावणाऱ्याला कसले पैसे मिळणार? ज्याचा दर ठरतो ते काम होतं, हा नियम वैद्यकीय क्षेत्रालाही लागू आहे.

बदल याच योजनेतून करता येईल. कर्करोगावरच्या उपचारांसाठी योजनेच्या यादीत यायचं असेल, तर रुग्णालयाकडे मॉर्फिनची मान्यता, एक प्रशिक्षित डॉक्टर आणि औषधखिडकीवर तोंडावाटे घ्यायच्या गोळ्यांचा साठा असलाच पाहिजे, अशी अट घालावी आणि दर वर्षी नोंदवही उघडून ती तपासावी. नोंदवहीत वर्षभरात एकही गोळी खर्ची पडलेली नसेल आणि शेकडो रुग्णांना केमो दिल्याची बिलं असतील, तर काय चाललं आहे हे विचारायला कुणा तज्ज्ञ समितीची गरज नाही. नर्सच्या घरभेटीला योजनेत स्वतंत्र दर असावा. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात आणि टप्प्याटप्प्याने उपजिल्हा रुग्णालयांत गोळी मिळावी, म्हणजे मुंबईहून परत पाठवलेल्या रुग्णाच्या कागदावर त्याच्या तालुक्यातल्या कुणाचं तरी नाव लिहिता येईल. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात हा विषय आला आहे. त्याआधीच्या सरकारी डॉक्टरांसाठी छोटं प्रशिक्षण सक्तीचं करावं. यातली एकही गोष्ट नव्या कॅन्सर हॉस्पिटलच्या इमारतीएवढी खर्चीक नाही. अडचण बहुधा तीच असावी: या सेवेची कोनशिला बसवता येत नाही.

सरकार हे करील तेव्हा करील. ज्यांच्या घरात आज रुग्ण आहे त्यांनी पहिल्याच भेटीत आपल्या डॉक्टरांना विचारावं की इथे पॅलिएटिव्ह केअरचा विभाग आहे का, आणि नसेल तर जवळ कुठे आहे. वेदना ‘जरा दुखतंय’ अशी न सांगता शून्य ते दहाच्या मापावर सांगावी, दिवसातून दोनदा वहीत लिहून न्यावी. डॉक्टरांना मात्रा ठरवायला तिचा उपयोग होतो. मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरून वेळा चुकवू नयेत, रेचक सोडू नये, आणि गोळ्या कुलपात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवाव्यात. आणि रुग्णालयाने आमच्याकडे ते मिळत नाही असं सांगितलं, तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन एक प्रश्न लेखी विचारावा: आमच्या जिल्ह्यात मॉर्फिनच्या गोळ्या ठेवणारी मान्यताप्राप्त संस्था कोणती?